ब्रोकेन : बोलणारा, पण बंद डोंगर

जर्मनीतील हार्त्स पर्वतराजीचे सर्वोच्च शिखर म्हणजे ब्रोकेन. उंची 1141 मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा बरीच कमी. लोककथांनी या माथ्यावर चेटकिणींचा मेळा भरवला आणि गटेने तो ‘फाउस्ट’मध्ये आणला. 1777 च्या डिसेंबरात तो स्वतः बर्फ तुडवत हा डोंगर चढला होता.

विसाव्या शतकात या उंचीला नवे मोल आले. दूरचित्रवाणीच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. जमिनीची गोलाई आड आली की त्यांची पोच संपत जाते. ब्रोकेनच्या माथ्यावरून क्षितिज सुमारे 120 किलोमीटर दूर असते. म्हणूनच 1935 मध्ये येथे फिरत्या प्रक्षेपकाने चाचण्या झाल्या आणि लगोलग मनोरा उभारला गेला. दूरचित्रवाणीसाठी बांधलेल्या जगातील अगदी पहिल्या मनोऱ्यांपैकी तो एक. एप्रिल 1945 मधील अमेरिकी बॉम्बफेकीत शेजारचे हॉटेल उद्ध्वस्त झाले. मनोरा मात्र वाचला.

देशाची फाळणी झाल्यावर शिखर पूर्व जर्मनीच्या वाट्याला आले, तेही थेट सीमेलगत. ऑगस्ट 1961 मध्ये माथा सामान्यांसाठी बंद झाला. पुढे त्याभोवती काँक्रीटची भिंतही उठली. आत पूर्वेचे प्रक्षेपण केंद्र होते आणि पश्चिमेची संभाषणे चोरून ऐकणारी सोव्हिएत सैन्याची व श्टाझी या गुप्तहेर खात्याची ठाणीही होती. ज्या उंचीवरून दूरवर बोलता येते, तिथूनच दूरचे ऐकताही येते. लहरींना भिंतीची अडचण नव्हती, अडवला गेला तो माणूस. पायथ्याच्या लोकांना डोंगर रोज दिसे, पण त्यांची वाट बंद होती.

9 नोव्हेंबर 1989 रोजी बर्लिनची भिंत खुली झाली, तरी ब्रोकेनचे फाटक बंदच राहिले. अखेर 3 डिसेंबरला लोक जमावाने डोंगर चढून गेले, दाराशी उभे राहिले आणि पहारेकऱ्यांना ते उघडावे लागले. शेवटचे सोव्हिएत सैनिक 1994 मध्ये परतले.

आज जुन्या मनोऱ्यात हॉटेल आहे, चोरून ऐकण्याच्या इमारतीत संग्रहालय, आणि 1970 च्या दशकातल्या 123 मीटर उंच मनोऱ्यावरून प्रक्षेपण चालूच आहे. प्रक्षेपण केंद्रांचा इतिहास बहुधा यंत्रांचा म्हणून लिहिला जातो. ब्रोकेनच्या इतिहासात यंत्रांइतकीच ती पायवाटही मोजावी लागते.