चापडा: पानांच्या घराचं नाव

भिलाईचा कॅम्प-१ हा मुळात पत्ता नव्हता, मुक्काम होता. १९५५ साली सोव्हिएत मदतीने पोलाद कारखाना उभारायचं ठरलं, देशभरातून माणसं बांधकामावर आली, नागपूर-विदर्भाकडची मराठी घरंही आली. कामगारांच्या तळाचं नाव वस्तीला चिकटलं, ते आजतागायत. राहण्याच्या जागेचं नाव तिथे राहणाऱ्यांना लागतं, याचं दुसरं उदाहरण मला इथून दक्षिणेला, बस्तरच्या आठवडी बाजारात सापडतं.

भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारं दल्ली-राजहरा मागे टाकून कांकेर, कोंडागावकडे उतरत गेलं की बस्तर लागतं. तिथल्या बाजारात उन्हाळ्याच्या तोंडाला बायका पानांच्या द्रोणांत तांबूस, वळवळणारं काहीतरी घेऊन बसतात. लाल मुंग्या आणि त्यांची तांदळासारखी पांढरी अंडी-अळ्या. याला म्हणतात चापडा. मुंगीही चापडा आणि तिची चटणीही चापडाच. मूळ अर्थ पानांची टोपली, म्हणजे मुंग्यांचं घरटं, असं सांगतात.

ते घरटं बघितलं की नावाचं नवल वाटत नाही. साल, आंबा, जांभूळ अशा झाडांवर या मुंग्या जिवंत पानांची घरं शिवतात. पान दूर असेल तर एकमेकींच्या कमरेला धरून साखळी करतात आणि दोन्ही कडा जवळ ओढतात. मग काही जणी आपल्याच अळ्या तोंडात धरून त्या कडांवरून इकडून तिकडे फिरवतात. अळीच्या तोंडातून रेशीम सुटतं आणि शिवण पडते. लहान मूल हातात धरून त्याचाच धोटा करावा, तसं हे काम. मोठ्या मुंगीला स्वतःला धागा काढता येत नाही. अळी मात्र स्वतःच्या कोषासाठी राखायचं रेशीम सगळं घराला देऊन टाकते.

मुंग्या गोळा करणाऱ्याला हे घर वाचता यावं लागतं. पानं हिरवी असली तर आत वस्ती भरलेली, वाळून तपकिरी झाली तर बहुधा मुंग्या घर बदलून गेलेल्या. गारव्याच्या वेळी फांदी कापतात आणि घरटं कापडावर किंवा पाण्याच्या भांड्यात झटकतात. अंगावर चढलेल्या मुंग्या कडकडून चावतात, ते सोसायचं. ताप आला तर मुद्दाम चावून घेण्याचीही तिथे रीत आहे. घरी आणून मीठ, मिरची, आलं, लसूण, कधी टोमॅटो-कोथिंबीर घालून पाट्यावर वाटलं की झाली चटणी. जिभेवर आधी आंबट, मग तिखट.

हा आंबटपणा मुंगीच्या पोटातल्या आम्लाचा. सतराव्या शतकात जॉन रे या इंग्रज निसर्गअभ्यासकाने मुंग्यांपासूनच ते मिळवलं. मुंगीला लॅटिनमध्ये फॉर्मिका म्हणतात, त्यावरून आम्लाचं नाव पडलं फॉर्मिक. व्हिनेगरमधल्या आम्लाहून हे जास्त तीव्र.

मराठी वाचकाला ही मुंगी परकी नाही. कोकणात आंब्यावर चढणाऱ्या गड्याला जी फोडून काढते ती ओंबील, हुमला, तीच ही. आणि चापडा हा शब्द ज्यांच्या तोंडी आहे त्यांची हलबी बोलीही परकी नाही. भाषाअभ्यासक ग्रिअर्सनने १९०५ साली भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात तिला मराठीच्या घरात बसवलं होतं. हलबीत ‘माझं’ला ‘मोचो’, ‘तुझं’ला ‘तुचो’. मालवणी कानाला त्या ‘चो’ची ओळख लगेच पटावी.

मग कोकणाने मुंगी झटकली आणि बस्तरने वाटली, असं का? भुकेमुळे, हे उत्तर पटकन दिलं जातं. ते मला पटत नाही. भूक कशी असते हे गडचिरोलीतल्या हेमलकशाच्या गोष्टीत दिसतं. शिकारीहून परतणाऱ्या माडिया आदिवासींच्या खांद्यावर मेलेलं माकड आणि त्याला बिलगलेलं जिवंत पिल्लू होतं. तिथे दवाखाना चालवणाऱ्या प्रकाश आमट्यांनी ते पिल्लू तांदूळ देऊन मागून घेतलं आणि त्यातून तिथलं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहुतेक शिकार गुन्हा ठरली, घोरपडीपासून सशापर्यंत. पोट भरण्याचा तो मार्ग बंद झाला. चापडा मात्र पोटभर खायचा पदार्थच नाही. तो तोंडी लावायचा. आंबटाच्या टंचाईने म्हणावं, तर जगदलपूर ही चिंचेची नावाजलेली बाजारपेठ आहे. चिंच दारात असताना झाडावर चढून, चावे खाऊन आणलेलं हे आंबट आहे. ती गरज नाही, आवड आहे, आणि आवड म्हणूनच तिचा मान राखायला हवा.

बाहेरच्यांनी मात्र तिला कधी तमाशा केलं, कधी औषध. करोनाच्या काळात मुंग्यांची चटणी उपचार म्हणून लागू करा, अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०२१च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ती नाकारली आणि ते योग्यच झालं. चटणीवर एवढं ओझं टाकायचं कारणच नव्हतं. पुढे जानेवारी २०२४ मध्ये ओडिशातल्या मयूरभंजच्या ‘सिमिलीपाल काई चटणी’ला भौगोलिक मानांकन मिळालं. काई म्हणजे मुंगी. म्हणजे तिथे नाव मुंगीचं नोंदलं गेलं, आणि बस्तरमध्ये बाजारात बसलेली बाई अजून घराच्याच नावाने हाक घालते: चापडा.