लुईसा लिओनी : गृहिणीपद आणि व्यवसाय
१८८० ते १९२४ ह्या काळात सुमारे ४० लक्ष इटालियन अमेरिकेत गेले. त्यांच्या इतिहासात स्त्री बहुधा कुटुंबवत्सल, अन्नपूर्णा माता म्हणूनच येते; तिच्या श्रमाचे अर्थकारण मात्र उपेक्षित राहते. ह्या दृष्टीने न्यूयॉर्कमधील लुईसा लिओनी ह्यांचे चरित्र उद्बोधक ठरते. १९०६ मध्ये त्यांनी राहत्या घरीच खानावळ उघडली. पुढे पुत्रांच्या साहाय्याने त्या खानावळीचे विख्यात उपाहारगृह झाले. १९५९ मध्ये पुत्र जीन ह्यांनी ते विकले. तथापि १९९४ मध्ये बंद होईपर्यंत ‘ममा लिओनी’ हे नाव टिकून राहिले. मातेचे नाव हीच त्या व्यवसायाची पत होती. सबब अशा स्वयंपाकघराची नोंद केवळ कौटुंबिक जीवनाच्या नव्हे, तर उद्योगाच्या इतिहासातही होणे अगत्याचे आहे.