नाणेघाटातील रांजण व ज्ञानाची व्याख्या

मुरबाडहून जुन्नरकडे जाणारी प्राचीन वाट वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाने सह्याद्री चढते. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात त्यात टाकीत असत, असे सर्वत्र सांगितले जाते. हे विधान सत्यही असू शकेल. परंतु ते सत्य ठरले, तर सांगणाऱ्यास त्याचे ज्ञान होते असे म्हणता येईल काय? ज्ञानाच्या व्याख्येच्या इतिहासात हाच प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित झाला आहे.

इ. स. पू. चौथ्या शतकात प्लेटोने ‘थिएटेटस’ या संवादात ‘सकारण सत्य मत म्हणजे ज्ञान’ ही व्याख्या तपासली व ती अपुरी ठरविली. तथापि तिचेच रूपांतर पुढे पुष्कळांनी स्वीकारले. मत सत्य व साधार असूनही त्याचे सत्यत्व केवळ योगायोगाचे असू शकते, हे एडमंड गेटिअर यांनी १९६३ मध्ये अवघ्या तीन पृष्ठांच्या निबंधात दाखविले.

ही शंका भारतीय विचारास अपरिचित नव्हती. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खण्डनखण्डखाद्य’ या ग्रंथात मुठीतील कवड्यांची संख्या केवळ तर्काने अचूक सांगणाऱ्याचे उदाहरण घेतले. उत्तर यथार्थ खरे, पण त्यास प्रमा कसे म्हणावे? नैयायिकांचा भर प्रमेच्या करणावर आहे; प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही ती करणे होत. शब्द प्रमाण ठरण्यास वक्ता आप्त, म्हणजे यथार्थ जाणून सांगणारा, असावा लागतो.

या कसोटीवर नाणेघाटातील दोन विधाने ताडून पाहावीत. तेथील लेण्यातील सातवाहनकालीन प्रतिमा नष्ट झाल्या आहेत. परंतु वरील नामलेखांत सिमुक, सातकर्णी व राणी नागनिका यांची नावे आहेत. शेजारचा दीर्घ यज्ञलेख जागोजागी तुटला आहे. तो नागनिकेचा होय, हा ब्यूलरप्रभृती विद्वानांचा निर्णय मुख्यतः या नामलेखांवरून केलेले अनुमान आहे. त्याचा हेतू कोणासही तपासता येतो, व दोष आढळल्यास निर्णय बदलता येतो. रांजणाच्या कथेचा मूळ वक्ता मात्र अज्ञात आहे, आणि रांजणावर तत्संबंधी लेख नाही.

यास्तव ती कथा असत्य म्हणून टाकून देणे जितके अयुक्त, तितकेच तीस इतिहास म्हणून उद्धृत करणे अयुक्त होय. प्रमाण मिळेपर्यंत तिची गणना संशयात करणे प्राप्त आहे.