‘खासगी’ नेमके कोणाचे?

‘खासगी’ हा शब्द इंदूरच्या वाचकांना सांगावा लागणार नाही. होळकरशाहीत उत्पन्नाच्या दोन वेगळ्या बाजू होत्या : एक दौलतीची, दुसरी खासगीची. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेले घाट आणि धर्मशाळा या खासगीच्या पैशातूनच उभ्या राहिल्या. म्हणजे मराठी कारभारात खासगी होते ते राजघराण्याचे. रयतेलाही काही खासगी असू शकते, राज्यकर्त्याने ओलांडू नये असा उंबरठा तिच्याही दाराला असतो, हा अर्थ या शब्दाला फार उशिरा चिकटला. याउलट नजरकैद, स्थानबद्धता, पाळत, तडीपारी हे शब्द आपल्या जिभेवर किती सहज येतात!

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि ‘मिसाबंदी’ हा आणखी एक शब्द मराठीला मिळाला. एक लाखाहून अधिक माणसे खटल्याविना तुरुंगात गेली. त्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गाबाई भागवत व्यासपीठावरून निर्भयपणे बोलल्या आणि पुढे त्यांनाही अटक झाली. बंगळूरच्या मध्यवर्ती तुरुंगात वाजपेयी आणि अडवाणी यांच्याबरोबर राजापूरचे खासदार मधु दंडवते होते. कर्नाटकातील विरोधी नेते रामकृष्ण हेगडे यांनीही त्या काळात तुरुंगवास भोगला.

हेच हेगडे जानेवारी १९८३ मध्ये कर्नाटकाचे पहिले बिगरकाँग्रेसी मुख्यमंत्री झाले. तेव्हा सीमाभागातील आम्हा मराठी माणसांना आशा वाटली, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्याने स्वतः गजाआडून राज्यसत्ता पाहिली, तो दुसऱ्याच्या भाषेवर आणि सभेवर हात टाकताना दहा वेळा विचार करील, असा आमचा साधा हिशेब होता. जून १९८६ मध्ये तो कोसळला. कन्नडसक्तीविरुद्ध बेळगाव आणि परिसर रस्त्यावर उतरला. पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी दर १ जूनला आपण उभे राहतो, ते त्यांच्यासाठी.

सीमाप्रश्न बाजूला ठेवून पाहणाऱ्यांचा भ्रमनिरास व्हायला आणखी दोन वर्षे गेली. राज्यात राजकारण्यांचे आणि पत्रकारांचे दूरध्वनी चोरून ऐकले जात असल्याचे उघड झाले. ऐकल्या गेलेल्यांत सत्ताधारी पक्षाचीही माणसे होती. ऑगस्ट १९८८ मध्ये हेगडे यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. राजीनामा देण्याइतकी लाज त्या काळात शिल्लक होती, हे त्यांच्या बाजूने नोंदवलेच पाहिजे. परंतु आम्हाला आजही बोचते ते वेगळेच. ज्या कायद्याच्या आधारे हे चाले, तो १८८५ चा तार कायदा होता. इंग्रजांनी केलेला, काँग्रेसने वापरलेला आणि काँग्रेसच्या तुरुंगातून सुटून आलेल्यांनीही तसाच उचललेला. सरकार बदलले, तरी ऐकणारा कान तोच राहिला.

जयप्रकाश नारायण यांनी आणीबाणीत स्थापन केलेल्या नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेतून पुढे आलेली ‘पीयूसीएल’ याच कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने दूरध्वनीवरील संभाषण हा खासगी जीवनाचा भाग मानला आणि काही बंधने घातली. ऐकण्याचा आदेश केंद्रात किंवा राज्यात गृहसचिवाचा हवा, तो दोन महिन्यांपुरताच, आणि कितीही वाढवला तरी सहा महिन्यांच्या पुढे नाही.

मूळ हक्काचा प्रश्न मात्र ऑगस्ट २०१७ पर्यंत लोंबकळत राहिला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. आणीबाणीत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार बंद करणारा १९७६ चा निकाल त्यांनी त्याच वेळी चुकीचा ठरवला. त्या जुन्या निकालाच्या बहुमतात पुण्याचे यशवंत चंद्रचूड होते. नव्या निकालातील चौघांचे मत लिहिले ते त्यांचे पुत्र धनंजय यांनी. मराठी घराच्या दोन पिढ्यांत मावलेला हा इतिहास आपल्या शाळांच्या पुस्तकांत यायला हवा.

तरीही आमची अस्वस्थता जात नाही. १९९६ च्या चौकटीत आदेश देणारा सरकारी अधिकारी, आणि तो योग्य होता का हे तपासणारी समितीही मुख्य सचिवासारख्या अधिकाऱ्यांचीच. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी लागत नाही. ज्याचे बोलणे ऐकले, त्याला ते कळवण्याची तरतूद नाही. बेळगावात, निपाणीत किंवा खानापुरात कोणाचे मराठी बोलणे ऐकायचे झाले, तर राज्याच्या बाजूने सही बंगळुरातच होणार. आणि ते बोलणे कन्नडात वा इंग्रजीत उतरवताना त्याचा अर्थ तसाच राहिला का, हे पाहण्याची सोय बोलणाऱ्याकडे नाही.