चिठ्ठी, नाव आणि नोंदणी : महाड-पोलादपूर परिसरातील शुश्रूषागृहांच्या निवडीचा इतिहास

प्रास्ताविक

महाड-पोलादपूर परिसरात घरातील माणूस आजारी पडले की 'कोणते रुग्णालय चांगले?' असा प्रश्न क्वचितच ऐकू येतो. विचारले जाते ते 'कोणाकडे न्यायचे?'. पहिल्या प्रश्नात संस्थांची तुलना अभिप्रेत आहे, दुसऱ्यात व्यक्तीचा शोध आहे. प्रस्तुत निबंधात या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा आहे. खाजगी शुश्रूषागृहाची निवड या परिसरात कशाच्या आधारे होत आली आणि तुलनेसाठी लागणारी माहिती रुग्णापर्यंत केव्हा व कितपत पोहोचली, एवढीच या विवेचनाची मर्यादा आहे.

'नर्सिंग होम' या शब्दाविषयी आरंभीच एक खुलासा आवश्यक आहे. आजच्या इंग्लंडमध्ये या शब्दाने प्रामुख्याने वृद्धांच्या निवासी शुश्रूषेचे ठिकाण सूचित होते. आपल्याकडे मात्र एखाद्या डॉक्टरने, बहुधा डॉक्टर दांपत्याने, चालविलेले दहा-वीस खाटांचे रुग्णालय असाच त्याचा अर्थ रूढ आहे. १९४९ च्या मुंबई शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमाच्या व्याख्येत आजारी, जखमी वा अशक्त व्यक्तींना ठेवून घेऊन उपचार व शुश्रूषा करण्याची जागा येते आणि सूतिकागृहाचाही तीत समावेश होतो. १९२७ च्या इंग्लंडमधील तशाच कायद्याची छाया या अधिनियमावर स्पष्ट दिसते.

दवाखान्याचा हक्क

निवडीच्या आधी प्रवेशाचा प्रश्न येतो, आणि महाडच्या इतिहासात तो अत्यंत ठळक आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी व धर्मशाळा यांबरोबर शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखानेही अस्पृश्यांना खुले असावेत, असे त्यात नमूद होते. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तदनुसार ठराव केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. तळ्याच्या पाण्यावर विपुल लेखन झाले आहे. ते योग्यच आहे. परंतु त्याच ठरावातील 'दवाखाने' हा शब्द आपल्या अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. ज्या काळात सार्वजनिक दवाखान्याची पायरी चढण्याचा हक्कही ठरावाने मागावा लागला, त्या काळात दोन दवाखान्यांची तुलना ही चैनच होती.

ज्यांना ही चैन परवडत होती, त्यांची निवड मुंबई असे. दासगाव बंदरातून, पुढे रस्त्याने, या भागातील माणसे गिरणगावात गेली. १९२६ मध्ये परळला केईएम रुग्णालय सुरू झाले आणि चाकरमान्याची खोली हेच गावच्या आजाऱ्याचे उतरण्याचे ठिकाण बनले. सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवरील हे रुग्णालय गावाला 'आपले' वाटे, कारण वॉर्डबॉय, मुकादम वा आया गावाकडची असे. म्हणजे तेथेही निवड ओळखीनेच झाली.

विंचू आणि नाव

शासकीय सेवेतून आलेल्या एखाद्या डॉक्टरचे नाव व्हावे आणि त्या नावाभोवती शुश्रूषागृह उभे राहावे, अशी छोट्या शहरांतील सर्वसाधारण वाटचाल आहे. महाडमध्ये तिचे एक असाधारण उदाहरण सापडते. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातील तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व विशेषतः मुले दगावत असत. त्या काळी नातेवाइकांपुढील खरी निवड दोन डॉक्टरांतील नसे. विंचू उतरविणारा मांत्रिक की सरकारी दवाखाना, एवढीच ती असे. आणि दवाखान्यातही मूल दगावते हे पाहिलेल्या माणसाने मांत्रिकाकडे जाणे सर्वस्वी अविचाराचे होते, असे म्हणता येत नाही.

बावस्करांनी रुग्णांजवळ बसून नोंदी केल्या. भरपूर घाम, थंड पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि नंतर फुप्फुसात साचणारे पाणी हा क्रम त्यातून स्पष्ट झाला. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाबावरील प्राझोसिन हे स्वस्त औषध या दंशात उपयुक्त ठरते, हे डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासमवेत त्यांनी १९८६ मध्ये त्याच नियतकालिकातून मांडले. २०११ मध्ये प्रतिविष व प्राझोसिन यांची एकत्रित परिणामकारकता तपासणारी त्यांची चाचणी 'बीएमजे'ने छापली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी तीस ते चाळीस टक्के दगावत. हे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

येथे संशोधनाचा गौरव करण्याचा हेतू नाही. तो इतरांनी केला आहे. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्व आहे ते नोंदवहीला. किती रुग्ण आले, कोणत्या अवस्थेत आले, किती वाचले हे लिहून ठेवलेले असले तरच एका उपचाराची दुसऱ्याशी तुलना होऊ शकते. महाडसारख्या गावात हे शक्य आहे, हे विंचवापुरते सिद्ध झाले. बाळंतपण, अपेंडिक्स वा मोडलेले हाड यांबाबत मात्र रुग्णाला पाहता येईल अशी कोणतीही नोंद नव्हती. तेथे नावच उरले.

चिठ्ठीची किंमत

नावाखालोखाल चिठ्ठी. गावातील डॉक्टर रुग्ण तपासून 'यांना पुढे न्या' म्हणत आणि कागदावर चार ओळी लिहून देत. रुग्णाच्या वतीने तुलना करण्याचे काम हा माणूस करीत असे, कारण कोणत्या शल्यविशारदाचा हात कसा आहे हे त्याला ठाऊक असे. ही व्यवस्था सदोष होती, तरी निरर्थक नव्हती. तिचा सारा भार एका गृहीतकावर होता : चिठ्ठी लिहिणाऱ्याला त्या चिठ्ठीचे पैसे मिळत नाहीत.

हे गृहीतक किती पोकळ झाले होते, हे उघड होण्यात महाडचाच वाटा आहे. २०१३ मध्ये तपासणीसाठी पाठविलेल्या एका रुग्णाबद्दल डॉ. बावस्करांना एका निदान केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला. त्यांनी तो परत केला आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार नोंदविली. 'कट प्रॅक्टिस' हा डॉक्टरांच्या वर्तुळातील शब्द वर्तमानपत्रांत आला. २०१७ मध्ये राज्य शासनाने समिती नेमून प्रतिबंधक कायद्याचा मसुदा करविला. त्याचा कायदा मात्र झाला नाही. रक्कम लहान होती, पण तिने चिठ्ठीचा अर्थच पालटतो. रुग्ण ज्याला सल्ला समजतो ती विक्री असेल, तर ओळखीवर उभी असलेली निवड ओळखीपुरतीही विश्वासार्ह राहत नाही.

नोंदणी

कायद्याचा मार्ग १९४९ पासून उपलब्ध होता. पुरेशा अर्हताप्राप्त परिचारिका नसतील तर नोंदणी नाकारता येते, अशी तरतूद त्या अधिनियमात होती. परंतु त्याचा अंमल आरंभी मुंबई व अन्य मोजक्या मोठ्या शहरांपुरता राहिला. २००५ च्या दुरुस्तीनंतर तो राज्यभर पोहोचला. तब्बल छप्पन्न वर्षे महाडच्या शुश्रूषागृहाला या कायद्याचा स्पर्श नव्हता. १९९० च्या दशकात 'सेहत' या संस्थेने आंबेनळी घाटापलीकडील सातारा जिल्ह्यात खाजगी रुग्णालयांच्या भौतिक दर्जाचा अभ्यास केला, तेव्हा प्रशिक्षित परिचारिकांची वानवा हेच एक ठळक निरीक्षण होते.

येथे एक व्यक्तिगत अनुभव नोंदविण्याची मुभा घेतो. काही वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, आजीच्या खुब्याचे हाड मोडले. घरात संध्याकाळभर फोन झाले. ऑपरेशन कोण करणार, भूलतज्ज्ञ कोठून येणार, डिपॉझिट किती, आपला कोणी ओळखीचा आहे काय, हे सारे विचारले गेले. रात्री खाटेजवळ प्रशिक्षित परिचारिका असेल काय, हे कोणीही विचारले नाही, मीही नाही. ज्या शुश्रूषागृहात आम्ही गेलो (त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही), तेथे शस्त्रक्रिया उत्तम झाली. रात्री मात्र पांढऱ्या गणवेशातील मुलगी दोन महिन्यांपूर्वी कामास लागलेली होती. सलाइन संपून नळीत रक्त उलटे चढले, तेव्हा तिने घाबरून मावशींना हाक मारली आणि मावशींनी ते सावरले. आम्ही शल्यविशारद निवडला होता. शुश्रूषागृह निवडलेच नव्हते.

न्यायालयांनीही काही दारे उघडली. १३ नोव्हेंबर १९९५ च्या व्ही. पी. शांता निर्णयाने सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. रघुनाथ रहेजा प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने केस पेपर रुग्णाला वा नातेवाइकांना दिले पाहिजेत, असे स्पष्ट केले. दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यावयाचे तर हाती कागद हवा; तुलनेचा आरंभ तेथून होतो. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. 'योजनेत आहे काय?' हा नवा प्रश्न तेव्हापासून रूढ झाला. गरीब कुटुंबाने ओळखीवाचून विचारावा असा बहुधा हा पहिलाच प्रश्न.

२२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली गेले. तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी व केवनाळे येथेही दरडी आल्या. रस्ते तुटल्यावर नाव, चिठ्ठी आणि योजना यांपैकी कशाचाच उपयोग नव्हता. जे जवळ, तेच रुग्णालय. त्याच वर्षी जानेवारीत सुधारित नियम आले होते. दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद शुश्रूषागृहाच्या दर्शनी भागात लावणे त्यांनी बंधनकारक केले. हे फलक वाचण्याची सवय आपल्याला अद्याप नाही. आपण आत शिरतो ते 'डॉक्टर आहेत का?' असे विचारीत.

इतिहासाच्या अभ्यासकाला या विषयाची साधने दूर शोधावी लागणार नाहीत. या परिसरात घरोघरी प्लॅस्टिकच्या पिशवीत जुन्या फायली जपलेल्या असतात. आजीची फाइल आमच्याकडे आहे. तिच्यात गावच्या डॉक्टरची चिठ्ठी आहे, भूलतज्ज्ञाची सही आहे, औषधांची सर्व बिले आहेत. रात्रपाळीचा नोंदतक्ता मात्र नाही.