धावडांच्या भट्ट्या

सातारा जिल्ह्यात लोखंडाच्या खाणी होत्या, असे वर्गात सांगितले तर मुलांना खरे वाटणार नाही. 1885 साली छापलेल्या सातारा गॅझेटियरमध्ये मात्र या खनिजाची नोंद आहे. महाबळेश्वरच्या डोंगरात पूर्वी धावड नावाचे मुसलमान कारागीर लोखंड गाळीत असत. हे लोखंड आले कुठून आणि धंदा बुडाला कसा, हे पाहण्यासाठी आपल्याला आधी पायाखालच्या दगडाकडे वळावे लागते.

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांचा बहुतेक भाग काळ्या दगडाचा, म्हणजे बेसाल्टचा. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. शिसे, जस्त, तांबे यांच्या शिरा या दगडात शोधून सापडायच्या नाहीत. राजस्थानातील जावरला दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी शिसे आणि जस्ताची खनिजे खणली जात होती, ती अतिप्राचीन डोलोमाइट खडकात साठलेली होती. आपल्या लाव्हात शिसे आहे ते दहा लाख भागांत काही थोडे भाग, तेही सगळीकडे विखुरलेले. लोखंडाची गोष्ट निराळी. बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडे शेकडा दहाहून अधिक असतात. प्रश्न फक्त ती एकत्र गोळा करण्याचा असतो.

हे काम पावसाने केले. महाबळेश्वरी वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उष्ण, दमट हवेत लाखो वर्षे पाणी झिरपत राहिले की बेसाल्टमधले सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम विरघळून निघून जातात. सिलिकाही हळूहळू जाते. न विरघळणारी लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे तेवढी मागे राहतात. हाच जांभा दगड. महाबळेश्वर-पाचगणीच्या सपाट माथ्यांवर त्याचेच कवच आहे. फ्रान्सिस बुकानन याने 1807 साली केरळातील अशा दगडाला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. पूर्वेकडे जत-आटपाडीला पाऊस तुटपुंजा, म्हणून तिकडे असे कवच नाही. दगड तोच, पण पावसाने नशीब बदलले.

सगळाच जांभा काही भट्टीत घालण्याजोगा नसतो. लोहाने भरलेले जड खडे निवडावे लागत, आणि ही पारख डोळ्याने व हाताने करायची. त्यासाठी खोल बोगद्यांची गरज नव्हती, खनिज वरच्या थरातच होते. निवडलेले खडे फोडून कोळशाबरोबर मातीच्या छोट्या भट्टीत घालायचे आणि कातड्याच्या भात्यांनी वारा द्यायचा. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू होतो, तो खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो. लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. अशा भट्टीची मजल साधारण 1200 अंशांपर्यंत. म्हणून लोखंड पाण्यासारखे वाहत नसे. वितळायची ती मळी, आणि उरायचा लोखंडाचा स्पंजासारखा गोळा. तो तापवून घणाने ठोकला की आत अडकलेली मळी बाहेर पडे. खनिजातल्या लोखंडाचा बराचसा भाग मळीबरोबर वाया जाई, पण हाती येई ते घडाईला उत्तम.

खरा खर्च इंधनाचा. एक किलो घडीव लोखंडामागे दहा किलो कोळसा धरू. एक किलो कोळशाला चार-पाच किलो लाकूड लागते. म्हणजे दोन किलोच्या एका फाळामागे क्विंटलभर लाकूड! मुलांकडून हे गणित जरूर करवून घ्यावे.

या गणितातच धंद्याचा शेवट दडलेला होता. 1828-29च्या सुमारास महाबळेश्वरला गोऱ्या साहेबांचे थंड हवेचे ठिकाण वसले. माल्कमपेठेभोवतीचे रान राखण्यात सरकारचे हित आले. 1878च्या वन कायद्याने जंगलावरची पकड आणखी आवळली. दुसरीकडे, 1863 साली बोरघाट ओलांडून रेल्वे पुण्याला जोडली गेली आणि दगडी कोळशावर गाळलेले विलायती लोखंड देशावर स्वस्तात पोचू लागले. इंधन महाग आणि माल स्वस्त, या कात्रीत धावड सापडले. कृष्णा-कोयनेच्या उगमावरचे रान वाचले हे चांगलेच झाले. पण त्याची किंमत भरली ती ज्यांचे पोट त्या रानावर होते त्यांनी, असे आम्हाला वाटते. खड्याची पारख, भात्याचा ताल हे ज्ञान कागदावर नव्हते. भट्टीबरोबर तेही विझले.

पुढे 1910 साली, तेव्हाच्या औंध संस्थानात आणि आजच्या सांगली जिल्ह्यात, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. तिथल्या ओतशाळेत लोखंडी नांगर होऊ लागले. त्यांचे कच्चे लोखंड सह्याद्रीच्या जांभ्यातले नव्हते, ते बाहेरून आणलेले होते. शेतकऱ्याच्या हाती मात्र लाकडीपेक्षा खोल चालणारा नांगर आला.

जांभ्याच्या माथ्यावर सहल नेलीत तर पायवाटेवर काळ्या, जड, बुडबुड्यांची भोके असलेल्या ढेकळांकडे लक्ष ठेवा. असे ढेकूळ लोहकीट, म्हणजे भट्टीची मळी असू शकते. नुसत्या जांभ्यालाही भोके असतात, पण तो तांबूस, मातकट दिसतो. मळीवर मात्र वितळून ओघळल्याच्या खुणा असतात. जागेची नोंद करा, छायाचित्र घ्या, ढेकूळ तिथेच राहू द्या. भट्टी कुठे होती हे ते जिथे पडले आहे त्यावरूनच कळते.