चार घरांचा तक्ता आणि चार लेकरं

शाळेत स्क्रीन लागली की शिक्षण 'डिजिटल' झालं, असं समजणाऱ्यांसाठी थोडा इतिहास.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर, अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह उसना घेऊन, भारताने ६ राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत शैक्षणिक टीव्ही दाखवला. त्यात महाराष्ट्र नव्हता. आपल्याकडे १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी आली, २००४ ला एज्युसॅट आकाशात गेला. चांगलंच झालं, पण बरंचसं एकतर्फी. हृदयाची झडप एकदा उघडताना दिसायची अन् कार्यक्रम पुढे! मागच्या बाकावरच्या पोराला नाही कळलं, तर नाही कळलं.

२०१७ ला 'दीक्षा' आलं, पुस्तकांत क्यूआर कोड आले (परितेवाडीच्या डिसले गुरुजींनी ही वाट आधीच दाखवली होती). आता चित्र थांबवता येतं. पण माझ्या मते खरा बदल पुढचा आहे: पोरगं स्वतः बटण दाबून उत्तर बदलताना पाहू शकतं.

आमच्या मारेगावसाठी हे महत्त्वाचं आहे ते सिकलसेलमुळे. विदर्भातल्या कितीतरी आदिवासी आणि दलित कुटुंबांत हा आजार पुस्तकातला नाही, घरातला आहे. आईवडील दोघेही वाहक असले की फळ्यावर चार घरांचा तक्ता निघतो: एक एए, दोन एएस, एक एसएस. मार्क पक्के. घरी मात्र त्याचा अर्थ लागतो, "चारातलं एक, ते पहिल्याला झालं, आता बाकीचे सुटले." तक्ता बरोबर आहे हो, पण चार घरं म्हणजे चार लेकरं नव्हेत. प्रत्येक गरोदरपणात धोका नव्याने २५ टक्के. वेबवरच्या साध्या खेळात 'पुढचं मूल' हे बटण दाबत राहिलं, तर कधी सलग दोन एसएस येतात, कधी दहांत एकही नाही. हे फळ्यावर दिसत नाही, टीव्हीवरही दिसलं नसतं.

असा खेळ मराठीत हवा, गोंडी-कोलामी आवाजात हवा, अन् रेंज नसतानाही चालायला हवा. तोवर दोन नाणी उडवा. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोन्ही काटे पडले की एसएस. मात्र रक्तपेशी इळ्यासारखी वाकून बारीक रक्तवाहिनीत कशी अडकते, हे दाखवायला नाणी कामाची नाहीत. तिथे व्हिडिओच लागतो.